एक खिडकी आणि सासऱ्यांचा आवाज

"त्यात काय आहे बाबा, चार दिवसांचं काम," असं मी जेवता जेवता बोलून गेलो आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

समोर सासरे बसले होते. त्यांना मी लग्नाच्या आधीपासून घाबरतो. ते कधी रागावत नाहीत, हीच तर पंचाईत. रागावणाऱ्या माणसाचा अंदाज येतो. सासरे नुसते बघतात, आणि त्या बघण्याने मला शाळेपासून आजवर केलेल्या सगळ्या चुका तारीखवार आठवतात.

शहर बस खात्याच्या मुख्य स्थानकावर तीस वर्षं सूचना देणारा आवाज त्यांचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं त्यांनी म्हटलं की रडणारं पोरसुद्धा लक्ष द्यायचं. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना सूचनासाहेब म्हणत. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनने माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस ते खात्याच्या बंद खोलीत बसले आणि सगळ्या सूचना तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करून मोकळे झाले. एक ते साठ आकडे, सगळे फलाट, नवा पूल, कोर्ट, बंदर, मोठं रुग्णालय, येत आहे, सुटत आहे, उशिरा सुटेल, सगळं.

तेव्हापासून ते आमच्याकडे असतात आणि वहीत लिहून बोलतात. शाईचं पेन आहे, त्याला टोपण आहे. त्या टोपणाचा आवाज मला स्वयंपाकघरातूनही ओळखू येतो.

मी त्याच खात्यात आकडेवारी विभागात आहे. अकरा वर्षांपूर्वी मी रजांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. इतक्या वर्षांत त्याने फक्त एका माणसाची रजा चुकून कापली, आणि तो माणूस मीच होतो. एवढ्या भांडवलावर खात्यात माझी कॉम्प्युटरवाला अशी ख्याती आहे. म्हणून बायको जेव्हा म्हणाली, "बाबांचा आवाज दोन वर्षं कपाटात पडून आहे, कुणी लावतसुद्धा नाही," तेव्हा तो आवाज स्थानकावर पुन्हा बोलता करायचा म्हणून माझ्या तोंडून ते चार दिवस निघाले.

सासऱ्यांचा घास हातात राहिला. त्यांनी डाव्या हाताने वही ओढली, टोपण काढलं आणि लिहिलं, "कधी सुरू करताय, जावईबापू?"

दुसऱ्या दिवशी मी परवानगी मागायला साहेबांकडे गेलो. मनातून इच्छा होती की त्यांनी नाही म्हणावं. खात्यात येऊन आजवर त्यांनी कशालाच हो म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण साहेबांना गहिवरून आलं. "आपल्याच खात्याचा माणूस, आपल्याच खात्याचा आवाज," असं म्हणत त्यांनी मी एक ओळही लिहिण्याआधी उद्घाटनाची तारीख ठरवली आणि आयुक्तांना निमंत्रण धाडलं.

मग रोज त्यांची एक एक सूचना यायला लागली. नुसता आवाज नको, स्थानकावर भिंतीएवढा स्क्रीन लावू. त्यावर वेळापत्रक हवं. सूचना चालू असताना एक बस डावीकडून उजवीकडे सरकत जावी. चाकं फिरावीत. कोपऱ्यात घड्याळ, त्याला सेकंदकाटा. खाली रंगीत पट्टी, तिच्यात नागरिकांना शुभेच्छा. मी सगळ्याला होय साहेब म्हणत गेलो. नाही म्हणायची मला भीती वाटते, आणि होय म्हटल्यानंतर तर जास्तच वाटते.

आता इथे आमच्या एक खिडकी योजनेबद्दल सांगायला हवं, कारण माझा घात तिनेच केला. पूर्वी आमच्याकडे बसचा पास काढायला माणसाला सात खिडक्या फिराव्या लागत. आता एकच खिडकी आणि एकच कारकून. तोच अर्ज घेतो, तोच तपासतो, फोटो चिकटवतो, शिक्का मारतो आणि सुटे नाहीत असंही तोच सांगतो. त्या योजनेचे फॉर्म मी तयार केले होते. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र आमच्या बैठकीच्या खोलीत आरशाशेजारी लावलेलं आहे.

तेव्हा हाही प्रोग्रॅम मी त्याच पद्धतीने लिहिला. आत एकच कारकून. त्याने आधी बस पुढे सरकवायची, मग चाकं फिरवायची, सेकंदकाटा हलवायचा, पट्टी ढकलायची, वेळापत्रक बघायचं, आणि मग आवाजाचा पुढचा घास स्पीकरला भरवायचा. की पुन्हा पहिल्यापासून. सगळं रांगेत, कुणी मध्ये घुसायचं नाही. ती रचना बघून माझेच डोळे भरून आले होते.

स्पीकर हा तान्ह्या बाळासारखा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला एका वेळी एक चमचा लागतो, पण तो वेळेवर लागतो. चमचा आला नाही तर तो वाट बघत नाही, तोंडात आहे तेच पुन्हा पुन्हा चघळतो. आणि माझा कारकून नेमका त्या वेळी बसची चाकं रंगवत असतो. ऑफिसातल्या माझ्या टेबलावर स्क्रीन वीतभर, त्यामुळे चाकं चटकन रंगून व्हायची आणि चमचा वेळेवर पोचायचा. स्थानकावरचा स्क्रीन भिंतीएवढा होता.

चाचणीला मी सासऱ्यांना आणि बायकोला मुद्दाम बोलावलं. दुपारी तीनची वेळ. सासरे खात्याचा जुना कोट इस्त्री करून घालून आले. त्यांना बघून चार-पाच ड्रायव्हर उठून उभे राहिले. मी बटण दाबलं. स्क्रीनवर बस निघाली, आणि सासऱ्यांचा तो भरदार आवाज दोन वर्षांनी स्थानकावर घुमला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ब-ब-ब-ब-बंदरकडे जाणारी ब-ब-बस फलाट क्र-क्र-क्रमांक..."

आधी एक कंडक्टर खोकला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. मग बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. दप्तर घेतलेल्या एका मुलीने मैत्रिणीला "ब-ब-बस आली गं" म्हणून दाखवलं. मी बंद करायचं बटण दाबत होतो, पण आतला कारकून चाकं रंगवत असल्यामुळे त्याला बटणाकडे बघायला सवड नव्हती. स्क्रीनभर बस सरकेपर्यंत ते चालू राहिलं.

सासरे कठड्यावर हात ठेवून उभे होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते, वर स्पीकरकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता काहीतरी लिहितील. त्यांनी टोपण नीट दाबून बसवलं आणि पेन परत खिशात ठेवलं. खात्याने त्यांना जन्मभर फुकट प्रवासाचा पास दिला आहे, तरी ते घरी चालत गेले.

स्वयंपाकघरात बायको माझ्याकडे पाठ करून उभी होती.

"तुम्हाला माहीत नाही, आणि त्यांनी सांगू नको म्हटलं होतं म्हणून मी बोलले नाही," ती म्हणाली. "बाबा लहानपणी अडखळायचे. बारा वर्षांचे होईपर्यंत. वर्गात हजर म्हणायला इतका वेळ लागायचा की मास्तर गैरहजेरी लावून पुढे जायचे. मुलं मागून चिडवत घरापर्यंत यायची. ब आला की तर संपलंच. एकटे खोलीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून वाचून त्यांनी ते घालवलं. आणि तुम्ही आज भर स्थानकात..."

"मी नाही गं, प्रोग्रॅमने."

"प्रोग्रॅम कुणी लिहिला?"



आवाज नसलेल्या माणसाने अबोला धरला तर कळतं कसं? टोपणावरून. सासऱ्यांनी पेन उघडणंच बंद केलं. चहा हवा का विचारलं तर मान. औषध घेतलं का, मान. वही मिटलेली, तिच्यावर पेन आडवं. मी त्या वहीच्या बाजूने जाताना चप्पल काढून जायचो. उद्घाटन वीस दिवसांवर आलं होतं. तिथे आयुक्त असणार, सगळं खातं असणार, आणि अख्ख्या गावासमोर त्या माणसाला मी पुन्हा बारा वर्षांचा करणार, या विचाराने मी रात्री-अपरात्री उठून कॉम्प्युटर उघडायचो.

बातमी इमारतीत पसरली. खालच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. म्हणाले, "आधी एक करा. आवाज मुळातच सदोष मिळाला होता असं लेखी कळवून ठेवा. पुढे उपयोगी पडतं." मी म्हटलं, आवाज माझ्या सासऱ्यांचा आहे. ते म्हणाले, "मग रजिस्टर्ड पोस्टाने कळवा." समोरच्या दारात दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं, "वरवर भरू नका. मुळापासून काढा." त्यांचा चेहरा बघून मी दोन्ही हातांनी गाल धरले. त्यांनी एवढंच बरोबर सांगितलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

मला वाटलं, आवाजासाठी दुसरा कॉम्प्युटर मिळाला तर प्रश्न मिटेल. भांडारपाल म्हणाले, "एका टेबलाला एक. दुसरा हवा तर आवाज तुटतो असा अर्ज तीन प्रतींत करा आणि तुटलेला नमुना सोबत जोडा."

"आवाजाचा नमुना कसा जोडणार?"

"तो तुमचा प्रश्न. तुटलेली खुर्ची आणून दाखवतात लोक."

मग मी घरगुती उपाय सुरू केले. सेकंदकाटा काढून टाकला. अकराव्या मिनिटाला साहेब आले आणि घड्याळ बंद पडलंय का म्हणाले. काटा परत लावला. मग मला युक्ती सुचली की स्पीकरला चमचा चमचा देण्यापेक्षा सुरुवातीलाच पोटभर भरवून ठेवावं. एकदम दहा सेकंदांचा आवाज आधीच ओतला. तुटणं थांबलं. मी आनंदाने बायकोला फोन केला. पण आता प्रत्येक सूचना दहा सेकंद उशिरा यायला लागली, आणि एकदा ओतलेली परत काढता येईना. स्थानकावर चाचणी चालू असताना ऐन वेळी फलाट बदलला, तर स्क्रीनवर दोन आणि स्पीकरमध्ये चार. पंधरा-वीस माणसं चारकडे पळाली, तिथून परत दोनकडे. त्यातल्या एका सद्गृहस्थांनी तक्रारवहीत लिहिलं, "बस गेल्यानंतर ती सुटत असल्याचे आम्हांस आवर्जून कळवण्यात आले, याबद्दल आभारी आहे." साहेबांनी त्याखाली लाल शाईने माझं पद लिहिलं.

आठ दिवस उरले. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून मी डोकं धरून बसलो होतो. भीतीच्या पलीकडे गेला की माणूस एका जागी बसून राहतो, तसा. इतक्यात मागे टक्कन आवाज झाला.

टोपण निघालं होतं. सासरे शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी लिहिलं, "आत कोण कोण आहे?"

मी चाचरत सगळं सांगितलं. कारकून, बस, चाकं, काटा, चमचा.

"एकच माणूस?"

"एकच. एक खिडकी योजना आहे बाबा."

त्यांनी आरशाशेजारच्या प्रशस्तिपत्राकडे बराच वेळ बघितलं. मग वहीचं कोरं पान काढून त्यावर दोन चौकोन आखले, मध्ये एक छोटी फट. एका चौकोनात लिहिलं "फळा" आणि दुसऱ्यात "मी". त्याखाली ते लिहीत गेले आणि मी वाचत गेलो.

"फळ्यावर लिहिणारा वेगळा. मी वेगळा. मध्ये काच. फटीतून तो चिठ्ठ्या द्यायचा. माझ्या हातात कायम तीन. एक वाचायची, दोन तयार. दोनच उरल्या की काच वाजवायची. तीनपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, बातमी शिळी होते. फळ्याकडे मी तीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. तो पडला, धडपडला, चहाला गेला, तरी माझं वाक्य पुरं व्हायचं."

मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

"अडखळणंही असंच घालवलं होतं. पुढचे तीन शब्द हाताशी असले की भीती वाटत नाही."

मी मान हलवली आणि एक खिडकी योजना मोडायला घेतली.

आवाजाला मी स्वतंत्र केबिन दिली. आत वेगळा माणूस बसवला, त्याचं काम एकच, भरवणं. बस, चाकं, काटा, पट्टी या गावच्या भानगडींशी त्याचा संबंध नाही. स्क्रीनवाल्याने फटीतून चिठ्ठी सरकवायची आणि आपल्या कामाला जायचं. केबिनवाल्याच्या हातात कायम तीन छोटे घास, जास्त नाहीत, म्हणून उशीर नाही. स्पीकर कितीदा उपाशी राहिला हे मोजायला माझ्या छोट्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा ठेवला, त्याला नाव दिलं "उपाशी". पहिल्या दिवशी उपाशी चाळीस, मग सहा, मग शून्य. मी माउसने खिडक्या इकडून तिकडे ओढल्या, चार बस एकदम सोडल्या, पट्टी उलटी पळवली. शून्य. सासरे शेजारी बसून त्या आकड्याकडे बघत होते. त्यांनी काही लिहिलं नाही, पण पेन उघडंच होतं.

उद्घाटनाच्या सकाळी मी शर्टाची बटणं दोनदा चुकीची लावली, तिसऱ्यांदा बायकोने लावली. स्थानकावर खुर्च्या, माइक, आयुक्त. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आयुक्तांचा फोटो स्क्रीनवर यायला हवा. कालच काढलाय, चांगला मोठा आहे." मी म्हटलं, साहेब, चाचणी झालेली नाही. ते म्हणाले, "एक फोटो तर आहे."

फोटो खरंच मोठा होता. तो उघडताना स्क्रीन जागच्या जागी गोठला. बस अर्ध्यात, सेकंदकाटा उभा, पट्टीत "नागरिकांना शु" एवढंच. तेवढ्यात वरून आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदरकडे जाणारी बस क्रमांक बारा, फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे." सलग, भरदार, एकही खाच नाही. मग कोर्ट. मग नवा पूल. स्क्रीनचा दगड झाला होता आणि सासऱ्यांचा आवाज शांतपणे एकामागून एक बस सोडत होता. गोठलेल्या स्क्रीनकडे कुणी बघतच नव्हतं. ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो कंडक्टर पुन्हा खोकला, या वेळी खरंच खोकला असावा, कारण तो डोळे पुसत होता.

सासरे माझ्याशेजारी ताठ उभे होते. मला वाटलं, संपलं, सुटलो.

पण तोवर फोटो उघडून स्क्रीन पुन्हा चालू झाला होता आणि साहेब माझ्या खांद्यावरून आवाजाच्या तुकड्यांची यादी वाचत होते. "हे शेवटचं काय? समारोप? लावा की, आयुक्त आहेत." तो तुकडा मी कधी ऐकलाच नव्हता. वेळापत्रकात त्याचं काम नव्हतं. सासऱ्यांचा हात पुढे आला, पण साहेबांनी तोवर बटण दाबलं होतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ही माझी शेवटची सूचना. तीस वर्षं माझं ऐकलंत. ब... ब... ब... बरं वाटलं."

साहेब माझ्या कानाशी आले आणि दात ओठ खात म्हणाले, "पुन्हा तेच? आयुक्तांसमोर?"

मी माझ्या छोट्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघितलं. उपाशी शून्य. तीन आठवडे मी ज्याची वाट बघत होतो तो पुरावा समोर होता. दोष माझा नव्हता, प्रोग्रॅमचा नव्हता. सासरेही त्याच आकड्याकडे बघत होते. त्यांची मान इतकी खाली गेलेली मी कधी बघितली नव्हती.

मी स्क्रीनवर हात ठेवला, आकड्यावरच. "माझी चूक आहे साहेब," मी म्हणालो. "प्रोग्रॅममध्ये राहून गेलंय."

दुसऱ्या दिवशी टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. आवाज तुटला याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. ती मी खिशात लपवून घरी आणली. बायकोने खिसे तपासले आणि नोटीस वडिलांना दिली. तासाभराने सासऱ्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. साहेबांच्या नावे, त्यांच्या वळणदार अक्षरात.

"आवाज माझा आहे. तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुटला. कारण भीती. जावयांच्या प्रोग्रॅममध्ये दोष नाही. तुटलेला नमुना खात्याच्या कपाटात आहेच." खाली सही, आणि त्याखाली "आवक क्रमांक घेऊन यावे" अशी मला सूचना.

ज्या माणसाला मी इतकी वर्षं घाबरत होतो, तो त्या बंद खोलीत एकटा बसून घाबरला होता. मी तो कागद खूपदा वाचला.

तो मी दिला नाही. आवक खिडकीवर मी माझा खुलासा दिला, दोष माझा, पुन्हा होणार नाही, आणि त्यांचा कागद घडी करून माझ्या खणात ठेवला. आयुष्यात सासऱ्यांचं न ऐकण्याची माझी ही पहिली वेळ.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर वही माझ्याकडे वळवून ठेवलेली. "आवक क्रमांक?"

"च... चारशे बारा," मी माझ्याच खुलाशाचा क्रमांक सांगून टाकला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेच ते बघणं. मग पेन उचलून त्यांनी ४१२ लिहिलं आणि क्षणभर थांबून पुढे एक तिरकी रेघ मारून वर्ष लिहिलं. आमच्या खात्यात वर्षाशिवाय आवक क्रमांक नसतो, आणि घाबरून मी ते विसरलो होतो. त्यांनी वही मिटली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. पेन तिथेच वहीवर ठेवलं, टोपण न लावता.